टिकलेली सीता, नांदती सीता

गेल्या वर्षी यवतमाळात एका व्याख्यानमालेत पुराणकथांवरचे व्याख्यान ऐकले. वक्ते अभ्यासू होते, बोलणे ओघवते होते, सभागृह भरलेले होते. पडद्यावर त्यांनी एक वर्तुळ दाखवले. नायक घर सोडतो, अनोळखी मुलखात जातो, संकटांशी झुंजतो आणि काहीतरी मिळवून घरी परततो. राम, अर्जुन, गिल्गमेश, ग्रीकांचा ओडिसियस, सगळे एकामागून एक त्या वर्तुळात बसवून झाले. शेवटी निष्कर्ष आला की जगातल्या सगळ्या कथा मुळात एकच आहेत, कारण माणूस सगळीकडे सारखाच. टाळ्या पडल्या. मला वाजवता आल्या नाहीत. हे बोलणे चालले होते त्या सभागृहापासून राळेगावच्या बाजूला तासा-दीड तासाच्या वाटेवर एक कथा राहते. ती त्या वर्तुळात कुठूनही बसत नाही, आणि समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी ती लहानपणीच ऐकलेली असणार.

राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तिथे सीतेचे मंदिर आहे आणि त्यात राम नाही. माझे आजोळ त्याच तालुक्यातले. आजी ही कथा सांगायची तेव्हा सीतेला ‘सीतामाय’ म्हणायची आणि रामाचे नाव म्हणून घ्यायची नाही. ‘तिच्या नवऱ्यानं तिले रानात सोडून देल्लं,’ अशी सुरुवात व्हायची. दिवस गेलेली सीता या रानात आली, लव-कुश इथेच जन्मले. बाळंतपणात जवळ दाणा नव्हता म्हणून ती गावात आली आणि घरोघर पसाभर गहू मागितले. एकाही घराने दिले नाहीत. तेव्हा ती म्हणाली, तुमच्या शिवारात गहू पिकणार नाही. पुढे कित्येक पिढ्या रावेरीत गहू झाला नाही, संकरित वाण आले तेव्हा कुठे तो शिवारात दिसू लागला, असे गाव सांगते. गव्हाच्या जागी आली की आजी हातातले सूप खाली ठेवायची, दोन्ही तळवे जोडून खोलगट करायची आणि म्हणायची, ‘एवढे. एवढेच मांगतले होते.’ रोजची भाकर ज्वारीची असलेल्या घरात गहू म्हणजे सणाची पोळी किंवा बाळंतिणीचे खाणे. त्या तळव्यांत काय मावते हे मला सात-आठ वर्षांचा असताना कळले होते.

या कथेवर बोलणारे आणखी काही आहेत, त्यांच्याशी माझे भांडण लांबत नाही. वाल्मीकींचा आश्रम नेमका कुठे, गंगेकाठी बिठूरला की आणखी कुठे, याचे पुरावे मागणाऱ्यांना कथेपेक्षा जागेची मालकी प्यारी आहे. कोरडवाहू जमिनीत रब्बीला पाणी नाही तर गहू कसा होणार, त्यासाठी शाप कशाला हवा, असे विचारणाऱ्याचे शेतीचे ज्ञान बरोबर आहे. पण अशी कोरडवाहू शिवारे विदर्भात गावोगाव आहेत, आणि सगळ्याच गावांनी त्यासाठी स्वतःच्या वाडवडिलांना आरोपी केलेले नाही. रामायणे शेकडो आहेत, त्यातले हे एक, असे म्हणून पुढे जाणारेही भेटतात. पण मोजदाद एकावर थांबवली काय आणि तीनशेवर थांबवली काय, रावेरी दोन्हींत एक आकडाच होते.

माझा खरा वाद आहे तो वर्तुळवाल्यांशी. त्यांचे म्हणणे सोपे आहे म्हणून ते लवकर पसरते. अमेरिकी अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांचे ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ हे पुस्तक १९४९ साली आले आणि तेव्हापासून सिनेमावाल्यांपासून व्यवस्थापनाच्या शिबिरांपर्यंत सगळ्यांना त्या वर्तुळाने मोहवले. त्या वर्तुळात सीता कुठे बसते? नायकाने सोडवून आणलेली, म्हणजे त्याच्या प्रवासाची मिळकत. रावेरीची सीता कोणाची मिळकत नाही. ती घर सोडत नाही, तिला सोडले जाते. ती परत येत नाही. ती काही जिंकून आणत नाही, पसाभर गहूही तिला मिळत नाहीत.

हुशार वर्तुळवाला इथे हटत नाही. तो म्हणेल, तुम्ही सीता चुकीच्या खणात शोधता आहात. तिचा विषय दुसरा आहे: रुष्ट देवी आणि ओसाड शेत. आणि तो ग्रीसमधली डिमिटर पुढे करेल. हे उदाहरण जोरकस आहे, म्हणून त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे. होमरच्या नावावर चालत आलेल्या एका प्राचीन स्तोत्रात धान्याची देवी डिमिटर हिची मुलगी पाताळाचा राजा पळवून नेतो, तेही तिच्या बापाच्या, झ्यूसच्या संमतीने. आई म्हातारीच्या वेशात वणवण करत एल्यूसिस गावी येऊन विहिरीपाशी बसते. पुढे तिच्या कोपाने पृथ्वीवर बी रुजेनासे होते. इकडे सीता म्हणजे नांगराचे तास. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातल्या सत्तावन्नाव्या सूक्तात शेताच्या देवतांबरोबर सीतेलाही आवाहन आहे, आणि जनकाला ती जमीन नांगरतानाच सापडली. दोघी शेताच्या, दोघी घरापासून तुटलेल्या, दोघींच्या कोपाने दाणा गेला. साम्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण एल्यूसिसच्या विहिरीपाशी पुढे काय होते ते बघा. राजा केलिऑसच्या मुली पाण्याला येतात, म्हातारीची विचारपूस करतात आणि तिला घरी घेऊन जातात. तिथे तिला मान मिळतो, सांभाळायला घरातले तान्हे मूल मिळते, पुढे तिचे देऊळ उभे राहते. तिचा राग देवांवर आहे. त्या रागाची झळ साऱ्या मानवजातीला लागते आणि ती झ्यूसला झुकवण्यासाठी आहे. शेवटी तडजोड होते: मुलगी वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात राहील, उरलेले दिवस आईजवळ. शेते पुन्हा हिरवी होतात. एल्यूसिसने ही कथा अभिमानाने सांगितली, कारण त्या गावाने देवीला दार उघडले होते. रावेरीत दार उघडले नाही. इथे शाप मानवजातीला नाही, अयोध्येलाही नाही. ज्याने तिला सोडले त्याच्या राज्यात गहू पिकतच राहिला असणार. शाप आहे तो एका शिवारापुरता, ज्यांनी ओंजळभर दाणे दिले नाहीत त्यांच्यापुरता. आणि ही कथा सांगते कोण? तेच गाव.

वर्तुळवाल्याच्या पोतडीत अजून एक विषय असतो. तो म्हणेल, ही तर वेशांतर करून आलेल्या पाहुण्याची कथा, जगभर सापडते. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली बॉसिस आणि फिलेमॉन यांची गोष्ट घ्या. देव माणसांच्या रूपात येतात, हजार घरे त्यांना हाकलतात, एका गरीब म्हाताऱ्या जोडप्याचे झोपडे त्यांना आत घेते, बाकी गाव पाण्याखाली जाते. मान्य. पण त्या कथेत एक घर चांगले आहे, आणि ऐकणारा मनातल्या मनात त्याच घरात जाऊन बसतो. बायबलमध्ये सदोम नगरात लोटाचे एक घर असतेच. मी ऐकलेल्या रावेरीच्या कथेत असे एकही घर नाही. आजीला मी विचारले होते, कोणीच कसे दिले नाहीत? ती म्हणाली, ‘कोणीच नाई.’ त्या गावात जन्मलेल्या माणसाला ही कथा ऐकताना पळून जायला जागा नाही. आपलाच गुन्हा पिढ्यानपिढ्या आपल्याच तोंडाने सांगत राहणारे गाव कोणत्या खणात घालायचे? स्टिथ थॉम्पसन यांनी लोककथांमधल्या कल्पनांची सहा खंडांची सूची केली. ती उपयोगी आहे, शापाने गेलेल्या पिकाला तिच्यात जागा मिळेल. मात्र दाणे कोणी नाकारले आणि आज ते कोण कबूल करते आहे, यासाठी सूचीत रकाना नाही. या कथेत तर तेवढेच महत्त्वाचे आहे.

यावर मला विचारले जाईल, मग तुम्ही डिमिटर आणलीच कशाला? बरोबर विचारले. तुलना केल्याशिवाय मला रावेरीचे वेगळेपण दिसले नसते. मी तुलनेच्या विरुद्ध नाही. साम्य सापडताच काम संपले असे मानण्याच्या विरुद्ध आहे.

‘सनातन विषय’, ‘चिरंतन कथा’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात टिकणे असते. कथा हजारो वर्षे टिकली म्हणून ती थोर. मराठीत याच्या शेजारीच आणखी एक क्रियापद आहे: नांदणे. लोणचे टिकते, रंग टिकतो, दगडावरचा लेख टिकतो. नांदायला घर लागते, शेजार लागतो, रोजची उठबस लागते, कुरबूर लागते, आणि कोणावर तरी हक्क सांगावा लागतो. लग्न झालेली मुलगी सासरी टिकली असे आपण म्हणत नाही, नांदली म्हणतो. आणि जिला नांदवले नाही तिच्यासाठी आपल्याकडे ‘टाकलेली’ हा शब्द आहे. अयोध्येत सीतेला नांदू दिले गेले नाही. ग्रंथांत ती टिकली. ज्या गावाने तिला गहू नाकारले, त्या गावात ती नांदते आहे.

टिकलेली कथा कुठेही नेता येते, तिचा विषय वेगळा काढून पडद्यावर दाखवता येतो. नांदणारी कथा जागेवरून हलवली की तिचा विषयच बदलतो. सीतेच्या शापाच्याच तीन कथा घ्या. गयेला दशरथाच्या पिंडदानाची खोटी साक्ष दिली म्हणून तिने फल्गू नदीला शाप दिला, आणि नदी वाळूखालून वाहते. केरळात वायनाडमधल्या पुल्पल्लीला सीता आणि लव-कुशांचे मंदिर आहे. तिथे लेकराला चावलेल्या जळवांना तिने हाकलले, म्हणून त्या गावात जळवा नाहीत असे सांगतात. रावेरीत गहू. तीन ठिकाणी सीता तीच, शापही आहे, पण एका ठिकाणी खटला खोट्या साक्षीचा, दुसऱ्या ठिकाणी आईच्या काळजीचा, तिसऱ्या ठिकाणी शेजाऱ्यांच्या कोरड्या मनाचा. याला ‘देवीचा शाप’ असे एकच नाव देणारा माणूस तिन्ही गावांना मुकला.

भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा, असे आपण अभिमानाने सांगतो. त्याने ‘उत्तररामचरित’च्या शेवटी राम आणि सीतेला पुन्हा एकत्र आणले. ते नाटक थोर आहे आणि त्याच्या करुणेबद्दल मला शंका नाही. पण त्याच विदर्भातल्या या खेड्याने तो शेवट घेतला नाही. रावेरीत बांधलेला हनुमंत आहे. अश्वमेधाच्या घोड्यामागे आलेल्या हनुमंताला लव-कुशांनी बांधून टाकले, ती आठवण. रामाचा दूत बांधलेला आणि राम गाभाऱ्याबाहेर. जात्यावर दळणाऱ्या बायकांनी सीतेचा वनवास ज्या आपलेपणाने गायला, त्याची दखल लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकरांनी घेतली, आणि गी पॉइतवँ व हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात लाखावर ओव्या गोळा झाल्या. त्या बायकांना सीतेचा विषय सनातन आहे की काय, याची फिकीर नव्हती. त्यांना तिच्याजवळ बसायचे होते.

कथा नांदते म्हणजे काय, हे मला दिसले ते शेतकरी नेते शरद जोशी यांच्यामुळे. त्यांच्या सगळ्या अर्थकारणाशी मी सहमत नाही. पण १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले आणि त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम आला: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावे करावा. ज्या गावात शंभर घरांनी असे केले ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. रामाने सीतेवर आणली तशी वेळ घरच्या लक्ष्मीवर येऊ नये, अशा अर्थाचे ते सभांत सांगत. रावेरीच्या मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांच्याच पुढाकाराने झाला. या माणसाने कथेतून विषय काढला नाही. सीतेला बाहेर काढता आले, कारण अयोध्येच्या मातीत तिचा वाटा नव्हता. तो त्यांनी यवतमाळच्या, वर्ध्याच्या, नाशिकच्या सातबाऱ्यावर मागितला.

आणि रावेरीचा जिल्हा कोणता आहे, हे विसरून कसे चालेल? २०१९ च्या जानेवारीत यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा उद्घाटनाला उभी राहिली ती याच जिल्ह्यातली, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. नवरा गेल्यावर सरकारी एक लाखाची मदत मिळण्यापूर्वी चौकशी होते, जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाच्या नावावर. अशा बाईला सासरचे लोक नांदवतात का, गाव तिच्या दारात जाते का, किराणा दुकानदार उधार देतो का, हे प्रश्न रावेरीच्या कथेत पसाभर गव्हाच्या रूपात आधीच विचारलेले आहेत. पडद्यावरच्या वर्तुळात ते कधीच येणार नाहीत.

रावेरीत आता गहू होतो. शाप फिटला, कथा संपली, असे कोणी म्हणू शकेल. गावाने तसे म्हटलेले नाही. गहू उगवल्यावरही ते कथा सांगते आहे.

माझ्या आजीने ती मला किती वेळा सांगितली याची गणती नाही. आजोबांच्या हयातीत तिच्या नावावर एक गुंठाही नव्हता. ते गेले तेव्हा वारस म्हणून तिचे नाव सातबाऱ्यावर चढले, तिन्ही मामांच्या नावांखाली, सगळ्यात शेवटी.