वाजवायचं कुणासाठी?

गिटार हे वाद्य खानदेशात जन्मलेलं नाही, हे त्या वाद्याला पहिल्या उन्हाळ्यातच कळतं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर गेला, की माणसं दारं-खिडक्या लावून ओल्या पंचाखाली पडून राहतात. गिटारीला तीही सोय नाही. पोकळ लाकूड आणि सरस यांवर तिचा सगळा संसार. लाकूड कोरडं पडतं, मान वाकते, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात आणि सकाळी लावलेली तार दुपारी कोणत्या सुरात आहे, हे सांगायला ज्योतिषी लागतो.

माझी गिटार मी १९८४ साली पहिल्या पगारातून घेतली. पहिल्याच मे महिन्यात आजीने ती उचलली आणि माठाशेजारी, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला नेऊन ठेवली. “एवढं पोकळ पोट घेऊन उन्हात काय बसवतोस तिला?” एवढंच म्हणाली. पुढे कित्येक वर्षांनी मी वाचलं, की परदेशातले मोठमोठे वादकही कोरड्या हवेत गिटारीच्या पेटीत ओला स्पंज ठेवतात. आजीला स्पंज माहीत नव्हता, एवढाच काय तो फरक.

आमच्या आळीत पेटी-तबला वाजवणाऱ्याला मान होता. भजनाला तो लागायचा. सनईवाल्याला तर लग्नसराईत जावयाच्या खालोखाल मान. पण गिटार? गिटार सिनेमात नायकाच्या गळ्यात असते आणि ती वाजवल्यावर नायिका येते, एवढंच लोकांना ठाऊक. माझ्या वाजवण्याने शेजारचे अण्णा आले. “कुणी आजारी आहे का?” त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला, तो आजतागायत उतरलेला नाही. माणसाने वाजवायचं कुणासाठी? ऐकणाऱ्यासाठी म्हणावं, तर मला ऐकणारा नाही. स्वतःसाठी म्हणावं, तर मग खिडकी उघडी का ठेवतो? मी गेली चाळीस वर्षं खिडकी उघडी ठेवून ‘स्वतःसाठी’ वाजवतो आहे. आणि गेली चाळीस वर्षं मी तारेला हात लावला, की आमच्या स्वयंपाकघरात काहीतरी वाटायला घेतलं जातं. आधी पाट्यावर, आता मिक्सरमध्ये.

मला शिकवणारे मास्तर धुळ्याचे. सरकारी कचेरीत कारकून, राहायला गल्लीतल्या जुन्या घरात, दोन खोल्यांत. मी दर रविवारी एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर जात असे. पहिल्याच दिवशी कंडक्टरने गिटारीच्या खोळीवर टिचकी मारून विचारलं, “भाऊ, हाई काय शे? तंबोरा शे का?” मी म्हटलं, गिटार. तो म्हणाला, “मंग याले बी तिकीट लागी.” संगीतासाठी मी केलेला त्याग विचाराल तर तो एवढाच. वर्षभर अर्धं तिकीट जादा.

मास्तर हवाईयन गिटार वाजवत. ही गिटार छातीशी धरत नाहीत. ती मांडीवर आडवी घ्यायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून फिरवायची. बोटांनी पडदे दाबायचे नसल्यामुळे दोन सुरांमधली सगळी वाट तिला मोकळी असते. म्हणजे मींड आली. आणि मींड आली म्हणजे आपलं गाणं आलं. ब्रिजभूषण काब्रांनी हिच्यावर राग वाजवून दाखवले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला तेच आहेत. पुढे विश्वमोहन भट्टांनी तिला तरफेच्या तारा चढवल्या, तिचं मोहनवीणा असं बारसं केलं आणि १९९४ साली ग्रॅमी मिळवलं. मास्तरांच्या गिटारीचं बारसं कधी झालं नाही. ती नुसती गिटारच राहिली.

तरुणपणी मास्तरांनी एका ऑर्केस्ट्रात दोन वर्षं वाजवलं होतं. मग सोडलं. त्यानंतर ते लोकांपुढे वाजवत नसत. गणपतीत बोलावलं तरी नाही, साहेबांच्या मुलीच्या लग्नात बोलावलं तरी नाही. कारण विचारलं तर म्हणत, “समोर माणूस बसला, की मी त्याच्यासाठी वाजवतो. त्याला काय आवडेल ते वाजवतो. मग मला काय वाजवायचं होतं ते राहूनच जातं.” मला शिकवत तेसुद्धा स्वरापुरतं, बोटापुरतं. शिकवणी संपली, की मला “जा आता, गाडी चुकेल,” म्हणून वाटेला लावत. आणि मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो, की मागे वाजायला लागे. तेव्हा कळायचं, की आत्तापर्यंत मी ऐकत होतो ती नुसती बाराखडी. पत्र त्यानंतर लिहिलं जात होतं.

१९८९ सालच्या एका रविवारी मी पाप केलं. साठ मिनिटांची कोरी कॅसेट घालून टेपरेकॉर्डर खाटेखाली सरकवला, बटण दाबलं आणि नमस्कार करून बाहेर पडलो. पाऊण तास पांझरेच्या काठी हिंडून परत आलो. “मास्तर, पिशवी राहिली,” म्हटलं, पिशवी घेतली, टेपही घेतला. एका बाजूची तीस मिनिटं भरली होती. यमन होता. शेवटी एक लांब मींड वर चढत जाते आणि मध्येच फीत संपते. ती मींड गेली पस्तीसहून अधिक वर्षं माझ्या डोक्यात अर्ध्यावर लटकते आहे. चोराला देवाने दिलेली शिक्षा म्हणायची ती हीच.

मास्तरांना मी हे कधी सांगितलं नाही. २००३ साली मास्तर गेले. कॅसेट कपाटात राहिली.

गेल्या वर्षी भाचा सुट्टीला आला. आजकालची मुलं कपाट उघडतात ती माणसं उघडावीत तशी. काही शिल्लक ठेवत नाहीत. त्याने कॅसेट काढली, तिच्या फितीवरची बुरशी पुसली, कुठल्याशा यंत्राला ती जोडली आणि दोन तासांत मास्तर कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसले. तीस मिनिटं ऐकल्यावर तो पाच मिनिटं काही बोलला नाही. एवढा वेळ तो गप्प राहिल्याची आमच्या घरात नोंद नाही. मग म्हणाला, “मामा, हे इंटरनेटवर टाकू या. लोकांना कळू दे.”

वास्तविक इंटरनेटचा मला अनुभव होता. त्याच भाच्याने वर्षापूर्वी माझी एक चीज तिथे चढवली होती. एक जुनं सिनेमाचं गाणं, गिटारीवर. महिनाभरात ते एकेचाळीस वेळा ऐकलं गेलं. त्यांतले तीस वेळा मी. मग एक दिवस तिथल्या यंत्राकडून नोटीस आली, की आपण वाजवलेलं गाणं अमुक चित्रपटातलं असून त्याचे हक्क तमक्या कंपनीकडे आहेत. भाचा हिरमुसला. मी मात्र पेढे आणले. चाळीस वर्षांत मी कोणतं गाणं वाजवतो आहे ते ओळखणारं कुणीतरी पहिल्यांदा भेटलं होतं!

पण मास्तरांची गोष्ट वेगळी. मी म्हटलं, “त्यांनी हो म्हटलं नव्हतं.”

“बहिणाबाईंची गाणी कुणी उतरून घेतली नसती तर?” भाचा म्हणाला. आता जळगावात राहणाऱ्या माणसापुढे बहिणाबाईंचं नाव काढणं म्हणजे कुस्तीत पहिल्या मिनिटाला धोबीपछाड मारण्यासारखं आहे. आसोद्याची ही लेक. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता गाणी करायची. मुलाने, सोपानदेवांनी ती लिहून ठेवली. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ती वही ट्रंकेतच राहिली असती तर?

मी म्हटलं, “बरोबर आहे. पण सोपानदेव खाटेखाली लपून लिहीत नव्हते.”

मग भाचा धुळ्याकडे वळला. “तुमच्या धुळ्यातच ना इतिहासाचार्य राजवाडे वारले, १९२६ साली? त्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं जमवली ती मालकांच्या हातापाया पडूनच ना?” हेही खरं. घरोघरी रुमालात बांधलेले जुने कागद पडून होते. मालक ते परक्याला दाखवायला तयार नसत. वाळवी मात्र परवानगी न विचारता वाचत असे. आणि बुरशी ही फितीची वाळवीच की.

मी भास्करबुवा बखल्यांना मदतीला बोलावलं. भास्करबुवा १९२२ साली गेले. एवढा मोठा गवई, पण त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. तरी गाणं गेलं का? १९१६ सालच्या ‘स्वयंवर’च्या चाली त्यांच्याच, आणि त्या गाजवणारे बालगंधर्व त्यांचेच शागीर्द. बालगंधर्वांना लहानपणी तालीम मिळाली ती आमच्या जळगावात, हेही मी जाता जाता सुनावलं. “तात्पर्य, गाणं यंत्रात उरायला पाहिजे असं नाही. शिष्यात उरलं तरी चालतं.”

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या माझ्या गिटारीकडे पाहिलं. काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. मास्तरांच्या दुर्दैवाने त्यांचा बालगंधर्व म्हणजे मी.

शेवटी मी धुळ्याची एस.टी. धरली. मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. घर तेच. खाटही तीच. त्या खाटेवर बसून मी पस्तीस वर्षांपूर्वीच्या चोरीची कबुली दिली. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “लावा बघू.”

मी मोबाइल लावला. आधी नुसतीच घरघर ऐकू येते. फितीचा दोष म्हणून भाच्याला ती काढून टाकायची होती. मग तार लागते. सूर शोधत शोधत मास्तर गंधारावर येऊन थांबतात, आणि त्याच वेळी ती घरघर एकदम बंद होते. तिथून पुढे स्वच्छ यमन.

काकूंनी बोट वर केलं. “तो स्टोव्ह. मी बंद केला.”

मला कळेना. त्या म्हणाल्या, “पंपाचा स्टोव्ह हो. त्याच्या आवाजात ऐकू येत नसे. हे वाजवायला बसले, की मी स्टोव्ह बंद करायची आणि भिंतीला टेकून बसायची. रोज. म्हणून आमच्याकडे संध्याकाळचा स्वयंपाक उशिरा व्हायचा. हे म्हणायचे, तुझा हात फार सावकाश आहे.”

“त्यांना ठाऊक नव्हतं?”

“कळलं असतं तर माझ्यासाठी वाजवलं असतं,” काकू म्हणाल्या. “मग ते तसं झालं नसतं.”

तीस मिनिटं संपली. मींड अर्ध्यावर तुटली. काकू डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचा हात मांडीवर किंचित वर सरकला. ती मींड कुठे जाऊन थांबली होती, हे जगात एकट्या त्यांना माहीत होतं. विचारायचा धीर मला झाला नाही.

मी कामाचं विचारलं. टाकू का? लोकांना ऐकवू का?

“आता ते कुणासाठी वाजवायला बसणार आहेत?” त्या म्हणाल्या. “आता ऐकलं कुणी तर बिघडत नाही. टाका. नाव त्यांचं घाला. अन् चोरी तुमची. ती तुमच्या नावावर घाला. खाली लिहा, की न विचारता घेतलं होतं. आणि त्या पोराला सांगा, स्टोव्ह काढू नको.”

नीतिशास्त्राची जाडजूड पुस्तकं मी वाचलेली नाहीत. पण बहिणाबाई, राजवाडे आणि भास्करबुवा एवढ्या मोठ्या माणसांना साक्षीला बोलावून मामा-भाच्याला जो निकाल लागला नाही, तो काकूंनी चहाचं आधण ठेवता ठेवता लावला. दुसऱ्याची चांगली वस्तू चार लोकांना द्यावी; पण ती आपल्या हाती कशी आली हेही सोबत द्यावं. १९०२ साली गौहरजान पहिल्यांदा तबकडीसाठी गायल्या, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःच आपलं नाव सांगून ठेवलं. सिनेमाच्या गाण्यांत ज्यांनी गिटारी वाजवल्या, त्यांतल्या किती जणांची नावं तबकडीवर आली? मास्तरांचं निदान खाली एका ओळीत आलं. त्याच्या पुढच्या ओळीत माझं आहे. पहिल्यांदाच कुठेतरी छापून आलेलं, आणि तेही चोर म्हणून.

आतापर्यंत त्रेसष्ट जणांनी ऐकलं. या वेळी त्यांत मी स्वतःला मोजलेलं नाही.

धुळ्याहून आलो त्या संध्याकाळी मी गिटार घेऊन बसलो. तार लावली. आत मिक्सर सुरू होता. मी एक सूर लावून थांबलो आणि कान देऊन बसलो, की आता तो आवाज बंद होतो का. बराच वेळ बसलो.

मिक्सर बंद झाला नाही. रात्री जेवायला शेंगदाण्याची चटणी होती. चांगली झाली होती.