विरघळणारी मूर्ती

भाद्रपद जवळ आला की पेणहून वडखळमार्गे निघालेल्या गणेशमूर्ती धरमतरचा पूल ओलांडून अलिबागकडे जातात. पुलाखालून आंबा नदीची खाडी समुद्राकडे जाते. मूर्ती विकली गेली, म्हणजे कारागिराचे उत्तरदायित्व संपले काय, हा प्रश्न आम्हांला या पुलावर नेहमी पडतो.

पेण, हमरापूर, जोहे ही मूर्तिकारांची गावे. शाडू व प्लास्टर यांच्या जोडीला तालुक्यातील काही कारागिरांनी कागदाचा लगदाही हाताळला. रद्दी भिजवावी, कुटावी, डिंक व खडूची भुकटी घालून मळावी, साच्यात थापावी. वाळल्यावर सांधे घासून रंगवावी आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी करावी. काल पायदळी पडलेला कागद आज पूजेस पात्र होतो! इटलीतील लेच्चे नगरीचे कारागीरही शतकानुशतके कागदाच्या लगद्याचे संत घडवीत आले. ते मात्र वेदीवर टिकावेत म्हणून घडवलेले. पेणची मूर्ती विरघळण्यासाठीच जन्मते, म्हणून तिच्या कर्त्यावरील भार अधिक, असे आमचे मत आहे.

कागद निरुपद्रवी, अशी सर्वांचीच समजूत होती. 2011 मध्ये शासनाने अशा मूर्तींना उत्तेजन दिले. 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या निर्णयास स्थगिती दिली. लगद्याचे तंतू पाणी गढूळ करतात, कुजताना त्यातील प्राणवायू शोषतात. शाई व रंग वेगळेच. संत थॉमस अक्विनस यांच्या मते केवळ हेतू शुद्ध असून भागत नाही. प्रत्यक्ष कृती आणि परिस्थितीही पाहावी लागते. येथे हेतू शुद्धच होता.

प्लास्टरच्या बाबतीत जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मुभा दिली, नैसर्गिक जलाशयातील विसर्जनास मात्र मनाई ठेवली. पुढच्याच महिन्यात सहा फुटांहून उंच मूर्तींना सवलत मिळाली. पोटासाठी राबणाऱ्या कारागिरांना दिलासा लाभला, हे योग्यच झाले. परंतु घडविणे एकाचे आणि बुडविणे दुसऱ्याचे, अशी विभागणी कायद्याला करता येते. सदसद्विवेकबुद्धीला ती कितपत मानवेल, याविषयी आम्ही साशंक आहोत.

अर्थात, दुसऱ्याच्या अंगणात डोकावणे सोपे असते. नाताळच्या गोठ्यासाठी आम्हीही खाकी कागद चुरगाळून डोंगर उभारतो, त्यांवर हिरवा-चंदेरी रंग फवारतो. तीन राजांच्या सणानंतर ते डोंगर कोठे जातात, हे आम्ही इतक्या वर्षांत कधी विचारले नव्हते. यंदा विचारले, तेव्हा आमच्या तरुण मंडळींनी निरागसपणे खाडीकडे बोट दाखविले.