काचेतलं पाणथळ

मराठीत 'निवडणे' हे क्रियापद मुळात स्वयंपाकघरातलं. तांदूळ निवडतात, डाळ निवडतात, मेथीची जुडी निवडायला घेतात. या निवडण्यात हवं ते उचलायचं नसतं, नको ते बाजूला काढायचं असतं: खडा, तूस, किडकं पान. ताटात जे उरतं ते शिजतं. दुकानात साडी निवडणं ही वेगळी जात. तिथे नजर हव्या वस्तूवर असते आणि बाकीच्या का राहिल्या, हे कुणी विचारत नाही. कन्नडातून मराठीत भाषांतर करताना मला शब्द दोन्ही तऱ्हांनी निवडावे लागतात. पण इथे विषय बेडकांचा आहे, आणि थोडा कासवांचा.

माझी भाची बेंगळुरूत सरजापूर रस्त्यावर सातव्या मजल्यावर राहते. तिनं घरात एक पॅलुडेरियम उभारलं आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच काचेची पेटी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला चढत जाणारा काठ, मध्ये वाकडंतिकडं खोड, त्यावर मॉस, नेचे, मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडलेली. टायमरवर दिवसातून चार वेळा तुषार उडतात, रात्री धुकं सुटतं. लॅटिनमध्ये 'पालुस' म्हणजे दलदल, त्यावरून हे नाव. मी तिला 'पाणथळ' हा शब्द दिला. तो तिला आवडला. सहा महिने तिनं फक्त झाडं रुजू दिली, मातीत सूक्ष्म किडे सोडले, पाण्यात जिवाणू जमू दिले. या छंदात एवढा धीर फार कमी जण धरतात. मग तिनं मला पाच नावांची यादी पाठवली. "मावशी, यातलं कोण ठेवू?"

तिला माझ्याकडून प्राणिशास्त्र नको होतं, ते तिला माझ्यापेक्षा जास्त येतं. तिला होकार हवा होता. आणि मी यादी तांदळासारखी निवडायला घेतली.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पेटी कृत्रिम आहे म्हणून ती वाईट, असं मला वाटत नाही. बेंगळुरूत राहणाऱ्यानं तरी तसं म्हणू नये. इथली तळी, ज्यांना कन्नडात 'केरे' म्हणतात, ती बहुतेक माणसांनीच केलेली: ओढ्याला मातीचा बांध घातला, पाणी अडवलं, एका तळ्याचं जास्तीचं पाणी पुढच्या तळ्यात जाईल अशा राजकालुवे खणल्या. त्यातली कित्येक नंतर आपणच बुजवली. धर्मांबुधी तळ्यावर आज मॅजेस्टिकचं बस स्थानक आहे, संपंगी तळ्यावर कंठीरवा स्टेडियम. ही तळी माणसांनी केली, पण त्यांत बेडूक कुणी निवडून सोडले नव्हते. पाणी झालं, चिखल झाला, तेव्हा ते आले. भाचीच्या पेटीत येणाऱ्याला मात्र कुणीतरी आणावं लागणार होतं.

यादीत पहिलं नाव विषारी डार्ट बेडकाचं. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला, पेराएवढा, निळाजांभळा किंवा पिवळाकाळा, दागिन्यासारखा. तो रंग म्हणजे इशारा असतो: मला खाल्लंस तर मरशील. पण हे विष तो स्वतः तयार करत नाही. जंगलात तो ज्या मुंग्या आणि कोळीकिडे खातो, त्यांच्यातून ते त्याच्या कातडीत उतरतं. पेटीत वाढलेल्या, फळमाशांवर पोसलेल्या बेडकाच्या अंगात ते नसतं. रंग तसाच, इशारा तसाच, मागे काही नाही. भाषांतर करणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. असं वाक्य आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं असतं, शब्द जागच्या जागी आणि अर्थ मूळ भाषेतच राहिलेला. भाची म्हणाली, "बिनविषारी आहे हेच तर बरं." तिच्या दृष्टीनं बरोबर आहे. बेडकाच्या दृष्टीनं काय, हे विचारावं तर त्याला दृष्टी कसली आहे तेच आधी पाहावं लागतं. १९५९ साली लेटविन, मॅटुराना, मॅककुलक आणि पिट्स यांनी बेडकाच्या डोळ्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. बेडकाला दिसतं ते हलणारं. भोवती मेलेल्या माशांचा ढीग असला तरी तो उपाशी मरेल, कारण त्याच्या डोळ्याला ते अन्नच नसतं. म्हणून त्याला जिवंत खाद्य द्यावं लागतं, आणि एक बेडूक पाळणारा माणूस प्रत्यक्षात हजारो माश्या किंवा रातकिडे पाळत असतो. यादी करताना त्यांना कुणी मोजत नाही.

दुसरं नाव ऍक्सोलॉटल. मूळचा मेक्सिको शहराजवळच्या शोचिमिल्कोच्या कालव्यांतला. तो आयुष्यभर कल्ले बाळगतो, बहुधा पाण्याबाहेर येतच नाही, म्हणजे पेटीतला काठ त्याला निरुपयोगी. त्याला सोळा-अठरा अंशांचं गार पाणी लागतं. एप्रिलमध्ये बेंगळुरूचा पारा पस्तिशीच्या पुढे जातो, आणि वीज तर इथे कधीही जाते. हुलिओ कोर्तासारची या प्राण्यावर एक कथा आहे. पॅरिसच्या मत्स्यालयात एक माणूस रोज त्याला बघायला जातो आणि शेवटी काचेच्या आतून बघू लागतो. एम.ए.च्या वर्गात आम्ही ती कथा अस्मिता आणि परकेपणावरची म्हणून वाचली होती. त्या पाण्याचं तापमान किती, असं तेव्हा कुणीच विचारलं नाही. आता मला तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

हे नाव भाचीनं स्वतःच खोडलं.

तिसरं आणि चौथं नाव कासवांचं, आणि इथे आपली भाषा थोडी गोत्यात आणते. पाण्यातलं आणि जमिनीवरचं, दोन्हींना आपण 'कासव'च म्हणतो. त्यामुळे खुरट्या माळरानावर राहणारं स्टार कासव कुणी पाण्यात ठेवतं आणि ते बुडतं. पोहणारं कासव कुणी कोरड्या टोपलीत ठेवतं. स्टार कासव बाळगणं मुळात गुन्हा आहे. २०१९ मध्ये साइट्स करारानं त्याला सर्वांत कडक परिशिष्टात टाकलं. तरीही 'घरात कासव शुभ' या समजुतीवर त्याचा चोरटा धंदा चालतोच. चौथं, लाल कानाचं स्लायडर, दुकानात नाण्याएवढं मिळतं. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर साल्मोनेलाच्या भीतीनं १९७५ पासून बंदी आहे. युरोपीय संघानं स्लायडरची आयात १९९७ मध्ये थांबवली. ते ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. भाचीचं लग्न, नोकरी, देश, सगळं बदलून होईल आणि ते असेलच. बहुतेक माणसं दोन-चार वर्षांत कंटाळतात आणि पुण्य केल्यासारखी ती तळ्यात सोडून येतात.

कायद्याबद्दल एवढंच. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांत ते जाहीर करण्याची मुभा दिली, कागदपत्रं न मागता. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांची नोंदणी बंधनकारक ठरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँकॉकहून बेंगळुरूच्या विमानतळावर उतरलेल्या सामानात २३४ प्राणी सापडले: अजगर, इग्वाना, कासवं, मगरीची पिल्लं, आणि गुदमरून मेलेलं एक कांगारूचं पिल्लू. दुकानदार 'इथेच पैदास केलेला' म्हणतो तेव्हा तो खरं बोलत असेलही. पण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यासाठी ती बॅग विसरावी लागते.

पाचवं नाव नव्हतंच. तिथे लिहिलं होतं: 'बाथरूममधला'. पावसाळ्यात खालच्या मजल्यांवर तपकिरी झाडबेडूक येतात, नळाच्या मागे चिकटून बसतात. तिला वाटलं, हा तर इथलाच, विकत घ्यायचा नाही, विमानात बसवायचा नाही, हवा त्याला मानवतेच. नैतिकदृष्ट्या हा सगळ्यांत स्वच्छ पर्याय दिसतो. मला तो सगळ्यांत अवघड वाटला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणंही येतं. कुठला बेडूक कुठल्या अनुसूचीत आहे हे वकिलांनी बघावं. मला त्या व्याख्येतलं शहाणपण हवं आहे. परदेशी डार्ट बेडूक पेटीतच जन्मला असेल, त्याच्याकडून आपण काही काढून घेत नाही असं निदान म्हणता तरी येतं. नळामागच्या बेडकाला मात्र आधीच एक गाव आहे. पाऊस पडला की कुठल्या डबक्यावर जायचं, कुणाच्या हाकेला ओ द्यायची, हे त्याचं ठरलेलं आहे. 'उभयचर' या शब्दात दोन भाग आहेत. पेटी त्याला 'उभय' देते, पाणी आणि जमीन. 'चर' द्यायला तीन फुटांत जागा नाही.

विहिरीतला बेडूक आपल्याकडे अडाणीपणाचं उदाहरण आहे, चिनी च्वांगत्सूमध्येही आहे, आणि विवेकानंदांनी १८९३ मध्ये शिकागोत तीच गोष्ट सांगितली. तिन्ही ठिकाणी त्याची चेष्टा होते, कारण त्याला समुद्र ठाऊक नाही. विहीर त्याला पुरते का, हे कुणी विचारत नाही. पुष्कळदा पुरतही असेल. तिथे डास आहेत, जोडीदार आहे, पावसाळ्यात काठापर्यंत पाणी आहे. काचेची विहीर वेगळी. तिच्यातून बाहेरचं सगळं हलताना दिसतं, आणि ज्याला फक्त हलणारंच दिसतं त्याला ते किती दिसत असेल, या विचारानं मी अस्वस्थ होते.

भाची इथे चिडली. "तू कोळंबी खातेस. झुरळं मारतेस. एका बेडकाला मी वेळेवर खायला घालीन, साप-बगळ्यापासून वाचवीन, तर एवढं काय?" युक्तिवाद फोल नाही. तिच्याकडे तो बेडूक बहुधा जास्त दिवस जगेल. आणि पेटीनं बेडकांच्या अख्ख्या जाती वाचवल्या आहेत. टांझानियात किहान्सी नदीच्या धबधब्याच्या तुषारात पेराएवढा एक भेक राहायचा, जेमतेम दोन हेक्टरांत, जगात दुसरीकडे कुठेच नाही. शास्त्रानं त्याला नाव दिलं १९९९ मध्ये. पुढच्याच वर्षी धरणानं नदीचं बहुतेक पाणी वळवलं. सुमारे ५०० भेक अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत हलवले, घळीत कृत्रिम तुषार बसवले. २००९ मध्ये तो निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि २०१२ मध्ये पेट्यांत वाढलेली पिल्लं परत घळीत सोडली गेली. तुषार, टायमर, काच, मॉस: भाचीच्या घरात आहे तेच सगळं.

पण तिथे आधी भेक होता, मग त्याच्यासाठी पेटी केली. इथे पेटी तयार आहे, झाडं छान रुजली आहेत, दिवे चांगले पडतात, आणि आता त्या चित्रात एक बेडूक कमी आहे. माझा आक्षेप या क्रमाला आहे, पाळण्याला नाही. मराठीत 'पाळणे' हे जनावरालाही लागतं आणि शब्दालाही: कुत्रं पाळतात, वचन पाळतात, पथ्य पाळतात. वचन आधी ठरतं, मग माणूस त्याप्रमाणे स्वतःला बेततो. ज्यानं आधी एका विशिष्ट बेडकाचं आयुष्य वाचलं, त्याला गारवा किती, खाद्य कुठलं, एकटा की कळपानं, वर्षं किती, आणि मग त्याच्या मापानं पेटी केली, त्याला मी नाही म्हणणार नाही. डार्ट बेडूक असला तरी.

आणि एक गोष्ट पेटीच्या बाहेरची. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये नाव देऊन नोंदवली. २०१९ च्या एका जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे किमान ५०१ उभयचर जाती घटल्या, त्यांतल्या ९० नष्ट झाल्याचं मानलं जातं. तिच्या प्रसारात प्राण्यांच्या व्यापाराचा मोठा हात आहे. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांमध्येही तिचा संसर्ग २०१३ मध्ये नोंदला गेला. पेटीचं पाणी दर आठवड्याला बदलतात, ते मोरीत जातं, मोरी राजकालुवेला आणि राजकालुवे तळ्याला. बेंगळुरूच्या वेशीवर, राजानुकुंटेजवळ मिळालेल्या, मातीत पुरून राहणाऱ्या एका बेडकाला २०२० मध्ये स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं, 'स्फेरोथेका बेंगळुरू'. त्याला आपण आत्ता कुठे ओळखू लागलो आहोत. सातव्या मजल्यावरची पेटी त्याच्यापासून वाटते तितकी लांब नाही.

पाण्याचा हिशोबही आहेच. २०२४ च्या मार्चमध्ये शहरात पाण्याचा ठणठणाट होता. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली, बागेला घातलं तर ५००० रुपये दंड होता. तुषाराच्या बारीक तोट्या क्षारांनी तुंबतात म्हणून त्यांना आरओचं पाणी लागतं, आणि एक लिटर आरओ काढताना त्याहून जास्त वाया जातं. सोसायटीत टँकरची रांग आणि घरात ठरल्या वेळी पाऊस, हे भाचीलाच नको झालं आणि तिनं चाराच्या दोन वेळा केल्या. मॉस थोडं पिवळं पडलं, मेलं नाही.

सध्या पेटीत झाडं आहेत, मातीतले किडे आहेत, आणि नेच्याबरोबर आलेल्या गोगलगायी, ज्या आता पन्नासेक तरी असतील. त्यांना कुणी निवडलं नव्हतं. बेडकासाठी तिनं वेगळा घाट घातला आहे: सोसायटीच्या बागेच्या कोपऱ्यात, आंब्याखाली, एक मोठं सिमेंटचं टाकं पुरायचं, त्यात पाणवनस्पती लावायच्या, झाकण ठेवायचं नाही, आणि कोण येतं ते बघायचं. समितीचा विरोध आहे. २०२४ च्या सप्टेंबरात कर्नाटक सरकारनं डेंगीला साथरोग जाहीर केलं आणि डासांची पैदास होऊ देणाऱ्यांना दंड ठेवला, तेव्हापासून उघडं पाणी म्हटलं की सचिव कागद दाखवतात. गप्पी मासे सोडा, म्हणतात. गप्पी डासांच्या अळ्या खातात, तशी बेडकाची अंडीही खातात. भाची म्हणते गप्पी नकोत, पाणी पंपानं हलतं ठेवू, अळ्या धरणार नाहीत. समिती म्हणते पंपाचं बिल कोण भरणार. येत्या रविवारी बैठक आहे.