हार कुणाच्या नावावर

घोडनदीकाठी शिरूरला राहत असाल किंवा भीमेकाठी दौंडला, संध्याकाळची कामं उरकली की जरा भिंतीला टेकून बसा. दौंड जंक्शनातून एखादी गाडी धडधडत जाईल, जाऊ द्या. श्वास मोजत बसू नका, तो आपला आपण चालतो. फक्त एक आकडा मनात धरा : 316.

हे हरलेले सामने आहेत. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये संघ हरला की ती हार एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावे मांडतात. समोरच्यांना शेवटपर्यंत टिकलेली आघाडी ज्याच्या हातून मिळाली, त्याच्या नावे. जिंकलं तर जयही असाच एकाच्या खात्यात. या 316 हारी साय यंग या पिचरच्या. तो 1890 ते 1911 खेळला. त्याच्याइतक्या हारी आजवर कुणाच्याच नावावर नाहीत.

आता सावकाश दुसरा आकडा शेजारी ठेवा : 511. हे त्याने जिंकलेले सामने, आणि हाही उच्चांकच. वजाबाकीची घाई नको. दोन्ही आकडे तसेच राहू द्यात. हारींच्या यादीत तिसरा नोलन रायन, 292. हा रायन 1987 साली आपल्या लीगमध्ये सर्वांत कमी सरासरीने धावा देणारा पिचर होता, तरी त्या हंगामात 8 जिंकला आणि 16 हरला. तो रोखत होता, पण त्याच्या संघाला धावाच होत नव्हत्या. एकाच्या माथी हार मारायची ही रीत मला तरी धड वाटत नाही.

डोळे मिटत असतील तर मिटू द्या आणि आता क्रिकेटच्या कसोटीसाठी कानपूरला चला. डिसेंबर 1958. समोर वेस्ट इंडीज, चेंडू भारताच्या सुभाष गुप्ते यांच्या हातात. नुसतं मनगट पाहा. ते वळतं, बोटांतून चेंडू सुटतो, फलंदाजाच्या डोळ्यांवरून उंच जातो, टप्पा पडतो आणि वळतो. वेस्ट इंडीज सर्वबाद 222, गुप्ते 102 धावांत 9 बळी. दहावा बळी पुण्याच्या वसंत रांजणे यांचा, त्यांची ही पहिलीच कसोटी. मग भारतही 222. पुढे वेस्ट इंडीजच्या सोबर्सने 198 ठोकल्या, त्यांच्याच वेस हॉलने सामन्यात 11 बळी घेतले आणि भारत 203 धावांनी हरला.

इथे थोडं थांबा. बेसबॉलसारखी वही असती, तर ही हार कुणाच्या नावावर चढली असती? क्रिकेट ती अकरा जणांत वाटून टाकतं. नऊ बळी मात्र गुप्त्यांचेच राहतात.

आपल्याकडे बाजारात कांदा विकल्यावर मिळणारी पट्टी पिचरच्या वहीसारखी असते. वर शेतकऱ्याचं नाव, खाली गोण्या, वजन, भाव, त्यातून वजा हमाली, तोलाई. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. पट्टीवर नाव मात्र पिकवणाऱ्याचंच. भाव पाडणाऱ्या निर्णयासाठी त्या कागदावर रकानाच नसतो.

आता तुमची एखादी हार समोर घ्या. फार मोठी नको; एखादा हंगाम, एखादा इंटरव्ह्यू, सोसायटीची निवडणूक. ती तुमच्या नावावर कुणी चढवली? त्या दिवशी आणखी कोण कोण मैदानात होतं? एकेकाला आठवा, दोष न देता. पाऊस असेल तर पाऊसही. स्वतःला सोडवून घ्यायला हे करायचं नाही. पाणी उशिरा दिलं असेल, भावाच्या आशेने माल अडवून ठेवला असेल, तर तोही वाटा मांडा. जेवढा तुमचा तेवढाच.

मग पुन्हा यंगकडे या. 815 सामन्यांत पहिला चेंडू टाकायला त्यालाच उभं केलं गेलं. शंभर हारी झाल्या, दोनशे झाल्या, तरी पुढच्या खेपेला कुणीतरी चेंडू त्याच्याच हातात दिला. सुमार पिचरला तीनशे हारी कोण होऊ देईल? त्याला केव्हाच घरी बसवतात. रांजणे यांना सगळ्या मिळून 7 कसोटी मिळाल्या, त्यांत त्यांचे 19 बळी. त्यांच्या वाट्याला हारी तरी किती येणार?