घोड्याची झेप आणि आप्तवचन

मोकळ्या रानातून ओंडके, चर, बांध आणि पाणी ओलांडत धावण्याच्या क्रॉस-कंट्री स्पर्धेत एक विषमता मुळातच असते: स्वार स्पर्धेपूर्वी सारा मार्ग पायी फिरून प्रत्येक अडथळा पाहून घेतो, घोड्याला मात्र तो उडीच्या काही क्षण आधी पहिल्यांदाच दिसतो. पाण्याचा तळ घट्ट आहे की दलदलीचा, हे त्याला प्रत्यक्षाने कळत नाही आणि अनुमानालाही पुरेसा आधार नसतो. तरी तो झेपावतो. या झेपेला निव्वळ आज्ञापालन म्हणावे की तिच्या मुळाशी काही ज्ञान मानावे, हा प्रश्न न्यायदर्शनाच्या परिभाषेत नीट मांडता येतो.

न्यायसूत्रे शब्द, म्हणजे आप्ताचा उपदेश, हे स्वतंत्र प्रमाण मानतात, आणि वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताचे प्रामाण्य तीन गोष्टींवर उभे आहे: विषयाचे साक्षात ज्ञान, प्राणिमात्रांविषयी दया आणि जसे आहे तसे सांगण्याची इच्छा. बैठक, पायांचा दाब आणि लगामाचा स्पर्श यांना काटेकोर नैयायिक शब्द म्हणणार नाही. पण घोड्यापर्यंत स्वाराचे सांगणे पोहोचते ते यांतूनच. आधी जमिनीवरचा ओंडका, मग उथळ पाणी, मग अरुंद चर, हा शिक्षणाचा क्रम केवळ स्नायूंसाठी नसतो; ‘पुढे धोका नाही’ हा निरोप दर वेळी खरा ठरावा, यासाठी तो असतो. एकदा घोडा चिखलात रुतला की पुढे तो काठावरच अडतो, आणि त्याची शंका रास्त असली तरी नियमांनुसार पहिल्या नकाराचे 20 दंडगुण जोडीच्या नावावर चढतात.

हे सांगणे मात्र एकतर्फी नसते. इटलीच्या घोडदळातील अधिकारी फेदेरीको काप्रिल्ली (1868–1907) याच्या आधी उडी घेताना स्वार मागे रेलत, आणि लगामाचा हिसका घोड्याच्या तोंडाला बसे. मोकळा घोडा कसा उडतो, याचे निरीक्षण करून काप्रिल्लीने स्वाराला पुढे झुकवले आणि घोड्याची मान मोकळी केली. तोल सांभाळण्याचे ज्ञान घोड्याचे आहे, याची ती कबुलीच होती. पायाखालची जमीन आणि स्वतःचा थकवा यांबाबत घोडाच आप्त ठरतो.

दयेची अट मात्र अवघडच राहते. स्वारही तोच धोका पत्करतो, हे समर्थन अपुरे आहे, कारण स्वाराने तो धोका जाणून निवडलेला असतो. घोड्याने फक्त स्वाराचे सांगणे खरे मानलेले असते.