पान कुणाचं?

झाडाचं एकच पान. शिरा इतक्या स्वच्छ की मधल्या जाड शिरेतून कडेकडे निघालेले बारीक फाटेसुद्धा डोळ्यांनी धरता येतात. भोवतीचा कागद तांबूस-तपकिरी झालेला, पान होतं तेवढी जागा फिकी. कॅमेरा न वापरता उन्हानं कागदावर उमटवलेली ही आकृती 'क्विलन लीफ' म्हणून ओळखली जाते, कारण ती क्विलन संग्रहात होती. 2008 साली न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ती विकली जाणार होती. ऐनवेळी तिच्या कर्त्याबद्दलच प्रश्न उभा राहिला आणि ती मागे घेण्यात आली.

तोवर हे काम छायाचित्रणाचे आद्य संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांचं मानलं जाई. तसं मानण्यात वावगं काही नव्हतं. जानेवारी 1839 च्या अखेरीस टॅल्बटनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला शोध मांडला आणि काही आठवड्यांतच त्याची कृतीही सांगितली. चांगला लिहिण्याचा कागद मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वाळला की त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवायचा, वर पान ठेवून काचेनं दाबायचं आणि उन्हात धरायचं. उघडा कागद काळवंडतो, झाकलेला फिका राहतो. मग मिठाच्या दाट द्रावणानं ती आकृती शक्य तितकी टिकवायची.

अडचण या कृतीतच आहे. चित्रात कुंचल्याचा फटकारा असतो, रंग लावण्याची खोड असते. जाणकार त्यावरून चित्रकार ओळखतो. इथे आकृती पानाची, काम उन्हाचं. करणाऱ्याचा हात दिसायचा कुठे? कृती समजल्यावर ज्याच्या घरी चांगला कागद आणि सिल्व्हर नायट्रेट होतं त्या कुणालाही हे जमण्यासारखं होतं. तरीही अशी बिननावाची आकृती हाती आली की आपण आधी टॅल्बटचं नाव घेतो.

मराठी वाचकाला हे नवं नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग मिसळले, कारण दोघांचीही मुद्रिका 'नामा'च. वेगळे काढायला अभ्यासकांना भाषा, संदर्भ, हस्तलिखितं सगळं तपासावं लागलं. नाव जितकं मोठं, तितकं बेवारस धन त्याच्या खाती जमा होतं. यात लबाडी असतेच असं नाही, बहुतेकदा ती श्रद्धाच असते. पण तिची किंमत विष्णुदास नाम्यासारख्या माणसाला मोजावी लागते.

क्विलन पानावरही एक मुद्रिका होती म्हणायची. कोपऱ्यात शाईचं बारीकसं अक्षर. टॅल्बटच्या कामाचे मोठे अभ्यासक लॅरी शाफ यांनी लिलावाच्या निमित्तानं ते पान तपासलं आणि हे टॅल्बटचं नाही असं सांगितलं. ते अक्षर 'डब्ल्यू' असावं असं वाटत होतं, आणि त्यावरून थॉमस वेजवुड यांची शक्यता पुढे आली. वेजवुड आणि हम्फ्री डेव्ही यांनी 1802 मध्ये अशाच प्रयोगांचं टिपण छापलं होतं, पण उमटलेली आकृती टिकवणं त्यांना साधलं नव्हतं. हे पान खरंच वेजवुडचं ठरतं, तर छायाचित्रणाचा इतिहास तीन-चार दशकं मागे गेला असता. बातम्या झाल्या त्या याच शक्यतेच्या.

शाफ यांचं मोठेपण मला पुढच्या सात वर्षांत दिसतं. आपणच मांडलेल्या शक्यतेला ते चिकटून बसले नाहीत. ते पान ज्या आल्बममधून आलं होतं त्या घराण्याकडे, ब्रिस्टलच्या ब्राइट कुटुंबाकडे, ते वळले. आद्याक्षरं आणि हस्ताक्षर यांचा माग काढत 2015 मध्ये त्यांनी नाव सांगितलं: सारा ॲन ब्राइट. जन्म 1793, मृत्यू 1866. पान 1839 चं, म्हणजे तेव्हा तिचं वय पंचेचाळीसच्या आसपास. स्त्रीनं केलेल्या आणि आज शिल्लक असलेल्या छायाचित्रांत तिची छायाचित्रं सर्वांत जुनी गणली जातात. दोन थोर पुरुषांची नावं लावून झाल्यावर ती सापडली.

पण ती सापडायला इतका काळ का लागावा? आल्बम 1984 मध्ये लंडनच्या लिलावात सुटा झाला आणि त्यातली पानं वेगवेगळ्या हाती गेली. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. बिननावाच्या छायाचित्राला आल्बम हाच साक्षीदार असतो: शेजारचं चित्र, चिकटवण्याची तऱ्हा, खालच्या ओळीचं वळण, घरचं नाव. चौकटीत बसवलेलं एकटं पान देखणं दिसतं, पण मुकं होतं. आत्याच्या घरचा काळ्या कागदाचा आल्बम स्कॅन करायला मीच सोडवला होता. फोटो नीट निघाले, क्रम मात्र गेला. पाचवारी नेसलेली, हातात तांब्या घेतलेली एक बाई कुणाच्या शेजारी होती हे आता कुणालाच सांगता येत नाही. क्रम राहिला असता तर निदान ती कुठल्या घरची, एवढं कळलं असतं.

आपल्याकडच्या जुन्या कागदी छायाचित्रांनाही हाच प्रश्न विचारायला हवा. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मंडळींतले. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी 1856 पासून 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम' हे नियतकालिक काढलं, त्यात खरी छायाचित्रं चिकटवलेली असत. नावातच हौशी मंडळी आहेत. मग त्यातून सुटं झालेलं एखादं छायाचित्र संग्रहात आलं की प्रकाशकाचं नाव हेच छायाचित्रकाराचं नाव, असं सरळ कसं धरायचं? नारायण दाजींसारख्या माणसाचं काम दुसऱ्याच्या नावावर जायला एवढी एक सवय पुरे.

म्हणून चित्राखालच्या पाटीवर मला नावाच्या आधी कारण वाचायचं आहे. हे नाव कशावरून ठरलं: सहीवरून, कागदातल्या जलचिन्हावरून, घराण्याच्या सांगण्यावरून, की नुसत्या सारखेपणावरून? यापूर्वी कुणाचं मानलं जाई आणि ते का बदललं? 'अज्ञात' लिहायची वेळ आली तर संग्रहालयाला त्यात कमीपणा वाटू नये. त्या शब्दामुळे जागा मोकळी राहते. क्विलन पानाखाली टॅल्बटचं नाव पक्कं धरलं गेलं असतं, तर कोपऱ्यातल्या त्या अक्षराकडे पुन्हा वाकून पाहायला कोण गेलं असतं?