पुन्हा एकदा बघून येतो

चाकणच्या कारखान्यात बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळला गेला की पाना 'टक्' असा आवाज करतो, ऑपरेटर बोल्टवर पेंटची खूण करतो आणि गाडी पुढे सरकते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कितीतरी घरांची चूल या तपासणीच्या शिस्तीवर पेटते. त्यामुळे फर्स्ट शिफ्टला निघालेला माणूस कुलूप पुन्हापुन्हा ओढून पाहू लागला, कंपनीची बस चुकू लागली, तरी 'स्वभावच काटेकोर' असे म्हणून आजार झाकला जातो. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, हा काटेकोरपणा नव्हे. नको असलेली शंका मनात घुसते. ती फोल आहे हे बहुतेकदा कळत असते, तरीही पुन्हा तपासल्याशिवाय किंवा हात धुतल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही.

आपल्याकडे याला कधी सोवळ्याचा अतिरेक म्हटले गेले, कधी बाहेरची बाधा. फ्रान्समध्ये मानसोपचारतज्ज्ञ एस्किरोल यांनी १८३८ साली अशा एका स्त्रीची हकिकत नोंदवून तिला एकाच विषयापुरत्या वेडात बसवले. फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये याचे मूळ बालपणीच्या दडपलेल्या संघर्षात शोधले. कारणमीमांसा खोल होत गेली, पण हात धुणे काही थांबेना.

१९६६ मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी वेगळी वाट धरली. ज्याची भीती वाटते त्याला रुग्णाने सामोरे जायचे आणि नंतर धुणे-तपासणे करायचे नाही. भीती चढते, पण काहीही न करता ओसरतेही, हा अनुभव रुग्णाला स्वतः येतो. आज हे रुग्णाच्या संमतीने, पायरी-पायरीने करतात. गरजेप्रमाणे औषधेही देतात. त्यांचा गुण यायला अनेकदा दोन-तीन महिने लागतात, आणि नेमके त्याआधीच कंटाळून कितीतरी जण ती सोडून देतात.

मला मात्र या साऱ्या प्रवासात २००३ सालचा एक डच प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकावरच्या गॅसच्या शेगडीची बटणे पुन्हापुन्हा तपासायला लावली. त्यांची आठवण चुकत नव्हती, पण ती धूसर झाली आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. म्हणजे शंकेमुळे तपासणी वाढते, तशी तपासणीमुळेही शंका वाढते. बोल्टवरच्या खुणेसारखी पक्की खूण मनात उमटत नाही. म्हणून थोडी अनिश्चितता सोबत घेऊन घराबाहेर पडायला शिकणे, हाच उपचाराचा गाभा आहे.

घरच्यांनी हे समजून घेणे फार गरजेचे आहे. 'अरे, मी पाहिलाय गॅस, बंद आहे' हे आईचे उत्तर मायेपोटी असते, पण तीही एक तपासणीच ठरते. ते उत्तर देणे रागाने, एकदम बंद करू नका. डॉक्टरांशी बोलून, रुग्णाला विश्वासात घेऊन हळूहळू कमी करा. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येते.